मासा सुटतो तो धाग्यापाशीच!

- प्रतिनिधी

काठी आणि रीळ यांवर हजारो रुपये खर्च करणारे हौशी मच्छीमार, ज्या धाग्यावर मासा प्रत्यक्ष तोलला जातो त्याची खरेदी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. नायलॉनचा हा एकपदरी धागा कसा निवडावा, कसा बांधावा आणि निकामी झाल्यावर त्याचे काय करावे, याविषयी...

रविवारची पहाट. भरतीची वेळ साधून समुद्रकिनाऱ्यावरील कठड्यापाशी चार-सहा हौशी मच्छीमार काठ्या लावून उभे आहेत. एकाची काठी अचानक वाकते, रीळ कुरकुरू लागते, फिरायला आलेली मंडळी कुतूहलाने भोवती जमतात आणि दुसऱ्याच क्षणी सारे सैल पडते. मासा गेलेला असतो. मग तो किती मोठा होता, याची चर्चा दिवसभर रंगते. धागा का तुटला, याची चौकशी मात्र सहसा होत नाही.

वास्तविक त्याचे उत्तर रिळाकडे परत आलेल्या टोकातच असते. टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल, तर धागा तुटलेला नसून गाठ सरकून सुटलेली असते. टोकाजवळचा भाग बोटांना खरखरीत लागत असेल, तर धागा खडकावर किंवा कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासला गेलेला असतो. टोक कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर ते माशाच्या दातांचे काम समजावे. निखळ ताकदीच्या जोरावर चांगला धागा तोडणारे मासे आपल्या किनाऱ्यावर नाहीत असे नाही. परंतु सुटलेल्या बहुतेक माशांचे श्रेय त्यांच्या ताकदीपेक्षा आपल्या निष्काळजीपणालाच अधिक द्यावे लागेल.

रेशमाकडून नायलॉनकडे

इंग्रजीत ज्याला 'मोनोफिलामेंट' म्हणतात आणि आपल्याकडे बाजारात ज्याला 'तंगूस' म्हटले जाते, तो धागा म्हणजे एकच अखंड पदर. सुताची दोरी अनेक तंतू पिळून तयार होते. तंगुसात पीळ नसतो. वितळलेले नायलॉन बारीक छिद्रातून बाहेर ओढतात, पाण्यात थंड करतात आणि नंतर नियंत्रित उष्णतेत कित्येक पट ताणतात. या ताणण्यामुळे त्यातील लांब रेणू एका दिशेने रांगेत बसतात आणि धाग्याला बळकटी येते. बारीक, पारदर्शक आणि तरीही मजबूत असा हा धागा अशा रीतीने तयार होतो.

त्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. १९३८ मध्ये ते जगासमोर आले तेव्हा कॅरोदर्स हयात नव्हते. नायलॉनचा पहिला व्यापारी उपयोग झाला तो टूथब्रशच्या केसांसाठी. म्हणजे आपण रोज सकाळी दातांवरून फिरवतो ते केस आणि गळाचा धागा हे एकाच कुळातले! त्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत घोड्याच्या शेपटीचे केस आणि रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून काढलेला 'गट' नावाचा धागा वापरला जाई. तो आखूड तुकड्यांत मिळे आणि वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करावा लागे. आपल्याकडे सूत आणि तागासारख्या वनस्पतींच्या तंतूंच्या दोऱ्या होत्या. त्या कुजत, त्यामुळे वरचेवर वाळवाव्या लागत. १९५८ मध्ये ड्यूपॉन्टने 'स्ट्रेन' या नावाने अधिक बारीक आणि एकसारख्या जाडीचा नायलॉनचा धागा बाजारात आणला आणि त्यानंतर एकपदरी धाग्याचे राज्य जगभर पसरले.

आकड्याचा अर्थ

धाग्याच्या वेष्टनावर साधारणपणे तीन गोष्टी छापलेल्या असतात : लांबी, जाडी आणि ताकद. जाडी मिलिमीटरमध्ये, तर ताकद किलो किंवा पौंडात दिलेली असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. त्यामुळे २० पौंडांचा धागा म्हणजे सुमारे ९ किलोचा. काही वेष्टनांवर केवळ नंबर असतो आणि निरनिराळ्या पद्धतींत नंबरांचा अर्थ निराळा असतो. म्हणूनच नंबरावर विसंबून न राहता मिलिमीटर आणि किलो हे दोन आकडे मागावेत.

जाडी आणि ताकद यांचे नाते सरळ नाही. धाग्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच प्रतीच्या धाग्याची जाडी ०.२० वरून ०.४० मिलिमीटर म्हणजे दुप्पट केली, तर ताकद सुमारे चौपट होते. याचाच दुसरा अर्थ असा, की जाडीतील किरकोळ फरकही मोठा असतो. दोन वेष्टनांवर ताकद सारखीच छापलेली असेल, तर जाडीही ताडून पाहावी. स्वस्त धागा पुष्कळदा अधिक जाड असतो. त्याची ताकद प्रतीतून नव्हे, तर जाडीतून आलेली असते.

मात्र सर्वांत महत्त्वाची बाब वेष्टनावर लिहिलेली नसते. छापलेला आकडा नव्या, सरळ, निर्दोष धाग्याचा असतो. नायलॉन पाणी शोषते आणि ओला धागा कोरड्यापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमजोर होतो. विक्रमी माशांची नोंद ठेवणारी 'इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन' ही १९३९ मध्ये स्थापन झालेली संस्था धाग्याची चाचणी ओल्या अवस्थेतच घेते, ती याच कारणाने. त्यात घातलेली साधी गाठ ताकद निम्म्याच्या आसपास आणते.

उदाहरणच घ्यावयाचे तर १० किलोचा धागा पाण्यात गेल्यावर साडेआठ-नऊ किलोचा होतो. त्यात साधी गाठ मारली, की तो साडेचार किलोवर येतो. त्यावर एखादा ओरखडा असेल, तर तीन किलोंच्या झटक्यालाही तो दगा देऊ शकतो. म्हणजे दुकानात विकत घेतलेल्या ताकदीपैकी दोन तृतीयांश ताकद मासा लागण्यापूर्वीच खर्ची पडलेली असते.

कोणत्या पाण्यात कोणता धागा?

अधिक जाड धागा घेणे हा यावरचा उपाय आहे काय? नाही. जाड धागा लांब फेकला जात नाही, रिळावर कमी मावतो, वाऱ्याला आणि प्रवाहाला अधिक अडतो, आमिषाची हालचाल अनैसर्गिक करतो आणि स्वच्छ पाण्यात माशाला सावध करतो. तेव्हा काम भागेल इतका बारीक आणि परिस्थिती झेपेल इतका जाड, असा मध्य गाठावा लागतो.

तळ्यातील तिलापिया किंवा खाडीतील बोय यांसारख्या लहान माशांसाठी ०.२० ते ०.२५ मिलिमीटरचा, सुमारे ३ ते ५ किलोंचा धागा पुरेसा होतो. रोहू, कटला यांसारख्या तलावातील मोठ्या माशांसाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटर योग्य. खाडीच्या तोंडाशी किंवा खडकांलगत जिताडा, तांबोशी, गोबरा यांच्या अपेक्षेने बसायचे, तर ०.४० ते ०.४५ मिलिमीटरपेक्षा खाली जाऊ नये. गोबरा आणि तांबोशी गळाला लागताच खडकाच्या कपारीत शिरू पाहतात, त्यामुळे तेथे ताकदीइतकेच महत्त्व घासणे सोसण्याच्या क्षमतेला असते. काठीविना, नुसत्या हाताने 'गरवणाऱ्यांनी' ०.६० ते ०.९० मिलिमीटरचा धागा घ्यावा. कारण बारीक धागा ताणाखाली बोटे सुरीसारखा कापतो. तो हाताला गुंडाळून तर कधीच धरू नये.

मुख्य धागा बारीक ठेवून गळाजवळचा हात-दीड हात भाग जाड ठेवण्याची युक्ती येथे उपयोगी पडते. या भागाला 'लीडर' म्हणतात. जिताड्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कडा अत्यंत धारदार असते, त्याच्यासाठी ०.६० ते ०.८० मिलिमीटरचा लीडर हवा. सुरमईसारखे तीक्ष्ण दातांचे मासे अपेक्षित असतील, तर नायलॉनऐवजी पोलादी तारेचा छोटा तुकडा लावणे श्रेयस्कर.

रंगाविषयी बरीच चर्चा होते. मुंबईच्या आसपासचे पाणी बहुधा गढूळ असते आणि तेथे रंगाने फारसा फरक पडत नाही. उलट पिवळसर किंवा निळसर चमकदार धागा आपल्याला नीट दिसतो, त्यामुळे माशाची हलकी ओढही ओळखता येते आणि शेजाऱ्याच्या धाग्यात गुंता होण्याचे प्रसंग कमी येतात. मालवण किंवा गोव्याच्या नितळ पाण्यात मात्र पारदर्शक धागाच बरा.

ताणला जाणे हा गुण की दोष?

आता बाजारात नायलॉनला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला फ्लुरोकार्बन. तो पाणी शोषत नाही, नायलॉनपेक्षा बराच जड असल्याने वेगाने बुडतो आणि प्रकाशाचे वक्रीभवन पाण्याच्या अधिक जवळचे असल्याने पाण्यात कमी दिसतो. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३ आहे. पण तो ताठर आणि महाग असतो, म्हणून पुष्कळजण तो केवळ लीडरपुरता वापरतात. दुसरा प्रतिस्पर्धी अनेक बारीक तंतूंची वेणी घातलेला पॉलिथिलिनचा धागा. तो त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक असतो आणि जवळजवळ ताणलाच जात नाही. परंतु खडकावर घासताच त्याचे तंतू झपाट्याने तुटू लागतात.

नायलॉन मात्र ताणले जाते. शंभर मीटर धागा बाहेर असताना तो दहा टक्के ताणला गेला, तर काठी आणि मासा यांच्यात दहा मीटरचा ढिलेपणा येतो. त्यामुळे दूरची हलकी ओढ हाताला कळत नाही. हा दोष खरा. पण मोठ्या माशाने ऐनवेळी दिलेला हिसका हाच ताण पचवतो आणि नवख्याच्या हातून झालेली चूकही पोटात घालतो. गाठ सहज बसते, किंमत परवडते आणि खडकाळ जागी थोडीफार घासाघीस सोसली जाते. सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच नायलॉनपासून सुरुवात करावी.

रिळावर भरताना

धागा रिळावर चुकीच्या पद्धतीने भरला गेला, तर पहिल्याच दिवशी त्याचे कुरळे वेटोळे सुटू लागतात. नायलॉनला एक प्रकारची 'स्मृती' असते. ज्या आकारात ते दीर्घकाळ गुंडाळलेले असते, तो आकार ते धरून ठेवते. भरण्यापूर्वी धाग्याची चकती थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवली, तर ही स्मृती बरीच सैलावते.

स्थिर चकतीच्या रिळावर भरताना नव्या धाग्याची चकती जमिनीवर आडवी ठेवावी. ओल्या फडक्यातून धागा हलक्या ताणाने येऊ द्यावा. दहा-पंधरा फेरे झाल्यावर थांबून धागा सैल सोडावा. तो स्वतःभोवती पिळवटू लागला, तर खालची चकती उलटी करून ठेवावी. पीळ नाहीसा होतो. धागा रिळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरावा. कमी भरल्यास तो दूरवर जात नाही, जास्त भरल्यास वेटोळी एकदम बाहेर पडून गुंता होतो.

गाठ घाईची नको

गळ बांधण्याच्या अनेक गाठी प्रचलित आहेत. त्यांपैकी एकच, पण नीट आली तरी पुरे. धाग्याचे टोक गळाच्या डोळ्यातून ओवून घ्यावे. ते मुख्य धाग्याभोवती पाच-सहा वेढे देऊन परत फिरवावे आणि गळाच्या डोळ्यालगत तयार झालेल्या छोट्या फासातून काढावे. असे केल्याने जो मोठा फास तयार होतो, त्यातूनही टोक बाहेर घ्यावे. मग मुख्य धागा सावकाश ओढून वेढे एकापुढे एक बसू द्यावेत. जाड धाग्याला तीन-चार वेढेही पुरतात. ही गाठ नीट बसली, तर धाग्याची बहुतांश ताकद टिकते.

आवळण्यापूर्वी गाठ पाण्याने किंवा थुंकीने ओली करणे अत्यावश्यक आहे. कोरडी गाठ झटक्याने आवळली, की घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि त्या ठिकाणी नायलॉन दुखावते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मासा मात्र तेथूनच सुटतो. गाठ बसल्यावर हाताने जोरात ओढून पाहावी. तुटायचीच असेल, तर ती तेव्हाच तुटलेली बरी.

रिळाचा ब्रेक, म्हणजे 'ड्रॅग', धाग्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतक्या ओढीला सुटेल असा लावावा. त्यासाठी महागडे साधन नको. प्रवासी बॅग तोलण्याचा हातातला काटा धाग्याच्या टोकाला लावून ओढला, की आकडा समोर येतो. १० किलोच्या धाग्यासाठी अडीच-तीन किलोंवर रीळ सुटू लागले पाहिजे.

आणखी एक गोष्ट शहरातल्या कठड्यांवर विशेष लक्षात ठेवावी. पाण्यात असताना माशाचे वजन पाणीच पेलून धरते. त्याला तसाच धाग्याने कठड्यावर उचलू लागलो, की सारे वजन आणि त्याची तडफड थेट गाठीवर येते. पाण्याशी निम्मी लढाई जिंकलेले कित्येकजण या शेवटच्या चार मीटरांत हरतात. लांब दांड्याची झोळी सोबत असावी.

निगा आणि निवृत्ती

उन्हातील अतिनील किरण नायलॉनला हळूहळू ठिसूळ करतात. म्हणून रीळ गाडीच्या काचेमागे किंवा गॅलरीत टांगून ठेवू नये. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून अंधाऱ्या जागी ठेवावे. प्रत्येक फेरीनंतर गळाकडील पहिला मीटर-दोन मीटर धागा कापून टाकावा, कारण सर्वाधिक झीज तेथेच होते. उरलेला धागा कापसाच्या बोळ्यातून ओढून पाहावा. जेथे कापसाचे तंतू अडकतील, तेथे ओरखडा आहे असे समजावे. धागा पांढुरका, खरखरीत किंवा कडक वाटू लागला, तर तो बदलण्याची वेळ आली. नियमित जाणाऱ्याने हंगामाला एकदा धागा बदलावा. सुटलेल्या माशापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

तुटलेल्या धाग्याचे काय?

धागा तुटल्यावर आपली गोष्ट संपते. धाग्याची संपत नाही. कुजत नाही हा नायलॉनचा गुण मच्छीमाराला हवाहवासा वाटला, पण पाण्यात पडून राहिलेल्या धाग्याच्या बाबतीत तोच शाप ठरतो. तो नाहीसा होण्यास कित्येक शतके लागतील, असे अंदाज वर्तवले जातात. त्या काळात तो पारदर्शक फास होऊन खडकांवर, कांदळवनांत आणि पुलांखाली लटकत राहतो. बगळ्यांच्या पायांत आणि समुद्रपक्ष्यांच्या पंखांत तो गुंततो. टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून वल्ह्यासारखे पाय कापले गेलेली कासवे आपल्या किनाऱ्यावरही येतात. डहाणूला त्यांच्यासाठी उपचार केंद्र चालवावे लागते. पतंगबाजीमुळे तर तंगुसाचे हे रूप शहरवासीयांना चांगलेच परिचयाचे झाले आहे. पक्ष्यांचे आणि माणसांचे गळे कापणाऱ्या नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. गळाच्या धाग्यावर अशी बंदी नाही. म्हणूनच जबाबदारी वापरणाऱ्यावर अधिक येते.

ती पार पाडणे अवघड नाही. खडकाळ जागी शिसे मुख्य धाग्याला न बांधता कमी ताकदीच्या धाग्याच्या वेगळ्या तुकड्याने लटकवावे. ते अडकले, तर केवळ तो तुकडा तुटतो. गळ, मासा आणि उरलेला धागा परत येतो. गळ खडकात रुतलाच, तर काठीने हिसके देऊ नयेत, धागा मध्येच कापूनही टाकू नये. एखाद्या लाकडी दांड्याभोवती धाग्याचे काही फेरे घेऊन, तोंड बाजूला वळवून, सरळ रेषेत संथपणे ओढावे. धागा बहुधा गळाजवळच्या गाठीपाशी तुटतो आणि पाण्यात मीटरभराहून अधिक उरत नाही. गाठ हाच धाग्याचा सर्वांत कमजोर भाग, हे येथे प्रथमच आपल्या उपयोगी पडते!

कापलेले तुकडे खिशात किंवा रिकाम्या डबीत ठेवावेत आणि घरी आणून कात्रीने बोटभर लांबीचे करून सुक्या कचऱ्यात द्यावेत. जाळू नयेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मासेमारीच्या धक्क्यांवर जाड प्लास्टिकच्या नळ्यांचे साधे डबे बसवून असा धागा गोळा केला जातो आणि पुनर्वापरासाठी पाठवला जातो. आपल्याकडील धक्क्यांवर आणि तलावांकाठी असे डबे बसवण्यास फारसा खर्च येणार नाही. पवईसारख्या ठिकाणी, जेथे हौशी मच्छीमारांची संघटना कित्येक दशकांपासून काम करीत आहे, तेथे याची सुरुवात होऊ शकते.

पुढच्या रविवारी काठी हातात घेण्यापूर्वी धाग्याचे शेवटचे दोन मीटर बोटांतून एकदा फिरवून पाहावेत. मासा लागणे आपल्या हाती नसते. लागलेला मासा सुटू न देणे आणि तुटलेला धागा मागे न ठेवणे, हे मात्र असते.